व्हॉल्व्ह बदलावा, पण कोणता, आणि कशासाठी?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नाही. तांब्याचा बंब येतो, पाळण्याच्या कड्या येतात, आणि अलीकडे पुष्कळ घरांतून आणखी एक वस्तू खाली येऊ लागली आहे : वडिलांचा किंवा काकांचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. तबकड्यांचे दिवस फिरून आले आहेत. कॉलेजातली मुले हौसेने नव्या तबकड्या विकत घेतात, मग कोणीतरी म्हणते, "तो जुना डबा लावून पाहू या का?" डबा लागतो. आतले दिवे मंद तांबूस पेटतात, लहान मुले तोंडात बोट घालून पाहत राहतात, आणि दहाव्या मिनिटाला डाव्या बाजूने तडतड सुरू होते.

या सदराकडे या विषयावर येणाऱ्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. ते ठाण्याच्या एका भगिनीचे आहे. त्या लिहितात : "आमचे बाबा १९७० च्या सुमारास अमेरिकेहून परतले तेव्हा डायनाको कंपनीचा पॅस-थ्री हा प्री-अँप्लिफायर बरोबर घेऊन आले. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. आईला त्यांच्या तबकड्या ऐकायच्या आहेत; पण डाव्या बाजूला कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. दुकानदार म्हणतात, चारही व्हॉल्व्ह गेले, जुने जर्मन घाला, आणि घालायचे तर चारही एकदम घाला. सांगितलेली रक्कम आईच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढी आहे. आपण काय सांगाल?"

आम्ही उलटटपाली एवढेच कळवले की, तूर्त काहीही विकत घेऊ नका. बाकीचे सविस्तर आज लिहितो, कारण हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही.

प्री-अँप्लिफायर हे यंत्र करते काय, ते आधी पाहू. तबकडीच्या खाचेतून सुई फिरते तेव्हा तिच्यामागच्या चुंबकी कार्ट्रिजमध्ये जो विद्युतप्रवाह उमटतो त्याचा दाब असतो एका व्होल्टाचे जेमतेम तीन ते पाच हजारांश. एवढ्याशा कुजबुजीवर लाउडस्पीकर हलणार नाही. तिला आधी शंभर-दीडशेपट मोठे करावे लागते आणि मगच ती मोठ्या अँप्लिफायरच्या हवाली करता येते. शिवाय तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले व वरचे सूर चढवलेले असतात; खाच फार रुंद होऊ नये आणि पृष्ठभागाची सळसळ झाकली जावी, म्हणून. या दाबण्या-चढवण्याचे प्रमाण अमेरिकेत १९५४ साली ठरले आणि पुढे ते जगभर मान्य झाले. वाजवताना हा हिशेब अगदी उलटा करावा लागतो. मधल्या सुरांच्या मानाने अगदी खालचा खर्ज सुमारे नऊपट वाढवायचा, आणि अगदी वरचे सूर दहाव्या हिश्शावर आणायचे. ही सारी कामगिरी पॅस-थ्रीसारख्या यंत्रात करंगळीएवढे काचेचे व्हॉल्व्ह करतात.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. तबकडीच्या बाजूचा पहिला व्हॉल्व्ह जी काही कुरकुर करील ती पुढचे सर्व टप्पे इमानेइतबारे मोठी करीत नेणार. तोच दोष शेवटच्या व्हॉल्व्हमध्ये असला तर कदाचित ऐकूही येणार नाही. चारही व्हॉल्व्ह एका जातीचे असले, तरी चारही जागा सारख्या मोलाच्या नाहीत. दुकानदार "चारही बदला" म्हणतो तेव्हा नेमके हेच तो सांगत नाही.

आता नावांचे गौडबंगाल. अमेरिकन मंडळी ज्याला १२ एएक्स ७ म्हणतात त्यालाच युरोपात ईसीसी ८३ म्हणतात. वस्तू एकच, नावे दोन. आपल्याकडे नाही का एकच भाजी पुण्यात एका नावाने आणि नागपुरात दुसऱ्याच नावाने मिळत? युरोपीय नाव मात्र अर्थपूर्ण आहे. पहिल्या 'ई'चा अर्थ हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. एक 'सी' म्हणजे एक ट्रायोड, दोन 'सी' म्हणजे एका काचेत दोन. आकडा ऐंशीच्या घरातला असला की बूड नऊ पिनांचे. अमेरिकन नावातले १२ हेही हीटरचेच; कारण या व्हॉल्व्हचा हीटर दोन भागांचा असून तो १२.६ व्होल्टवरही चालवता येतो आणि ६.३ वरही.

ईसीसी ८३ ला दोन सख्खी भावंडे आहेत, ८१ आणि ८२. पिनांची मांडणी तिघांची सारखी, त्यामुळे कोणाच्याही जागी कोणीही बसतो. आणि बसतो म्हणून चालतो असे समजणारे शौकीन पुष्कळ. पण स्वभाव पाहा. ८३ चा गुणक शंभर, ८१ चा साठ, आणि ८२ चा सतरा ते वीस. नेहमीच्या कामात ८३ सव्वा मिलिअँपियर प्रवाहावर समाधानी असतो, तर ८२ ला दहाच्या आसपास हवा असतो. ८३ साठी आखलेल्या टप्प्यात आवाज साधारण साठपट होत असेल, तर तिथेच ८२ खोचल्यावर तो चौदा-पंधरापटच होतो. नुसता लहान झाला असता तर आवाजाची कळ अधिक फिरवून भागले असते. परंतु पॅस-थ्रीत आणि तशा बहुतेक यंत्रांत वर सांगितलेला खर्ज-तीव्राचा हिशेब फीडबॅकने, म्हणजे पुढचा थोडा आवाज उलटा मागे आणून साधलेला असतो, आणि त्यासाठी व्हॉल्व्हच्या अंगी भरपूर शिल्लक जोर असावा लागतो. जोर कमी पडला की पहिला बळी खर्जाचा. कारण सर्वांत जास्त वाढ तिथेच हवी असते. मग मृदंगाची थाप पातळ लागते आणि शौकीन म्हणतो, "वा, आवाज कसा स्वच्छ झाला!" झाला खरा, पण भांडे घासताना कल्हईही गेली.

कमी गुणकाची एक सुज्ञ निवड आहे ती ५७५१ या अमेरिकन व्हॉल्व्हची. त्याचा गुणक सत्तर. शेवटच्या टप्प्यात आवाज गरजेपेक्षा जास्त चढत असेल आणि कळ जरा हलवली की घर हादरत असेल, तर तिथे हा शोभतो. मात्र याचा हीटर ८३ पेक्षा थोडा जास्त प्रवाह घेतो, तेव्हा ज्या यंत्रांत हीटर एकामागून एक माळेत जोडलेले असतात तिथे तो कारागिराला विचारल्याशिवाय घालू नये.

आणि एक सक्त ताकीद. नऊ पिनांचा प्रत्येक व्हॉल्व्ह हा ईसीसी ८३ चा नातेवाईक नव्हे. ईसीसी ८८ हा उत्तम व्हॉल्व्ह आहे, पण त्याचा हीटर फक्त ६.३ व्होल्टांचा आणि फक्त चौथ्या-पाचव्या पिनांवर. ८३ चे सॉकेट १२.६ व्होल्टांसाठी जोडलेले असेल तर ८८ च्या हीटरवर दुप्पट दाब येऊन तो जळून जाईल, ६.३ साठी जोडलेले असेल तर पेटणारच नाही. जुन्या रेडिओतून काढलेले व्हॉल्व्हही सहज बसतात म्हणून खोचून पाहू नयेत. नऊ पिना हा काही जातीचा दाखला नाही.

हात घालण्यापूर्वी दोन शब्द जिवाच्या काळजीचे. व्हॉल्व्हच्या प्री-अँप्लिफायरच्या पोटात अडीचशे-तीनशे व्होल्टांचा डी. सी. दाब खेळतो, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरांत तो काही काळ दबा धरून बसतो. व्हॉल्व्ह काढण्या-घालण्यापुरते वरचे झाकण काढायला हरकत नाही. खालची पत्र्याची पाटी मात्र गृहस्थाने काढू नये, ते जाणत्याचे काम. आधी मोठा अँप्लिफायर बंद करावा, मग प्री-अँप्लिफायर, मग भिंतीतला प्लग उपसावा, आणि काच निवेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे चहा घ्यावा. दुसरे असे की, अमेरिकेत विकलेले यंत्र तिथल्या ११७ व्होल्टांचे असते. आपल्या २३० व्होल्टांवर ते दाब उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय लावले तर पुढे हा लेख वाचण्याचे कारणच उरणार नाही.

आता त्या भगिनींना जे कळवले ते.

पहिली कसोटी फुकटची आहे. तडतड चालू असताना आवाजाची कळ पूर्ण शून्यावर आणा. तडतड तशीच राहिली तर दोष कळीच्या पुढच्या टप्प्यात आहे. थांबली तर कळीच्या आधीच्या. दुसरी कसोटी : तबकडीऐवजी रेडिओ किंवा टेप लावा. तिथे शांत असेल तर दोष तबकडीच्या टप्प्यातच, म्हणजे पुढची सगळी पलटण निर्दोष. तिसरी कसोटी : त्या टप्प्यातले दोन व्हॉल्व्ह, एक डाव्या बाजूचा आणि एक उजव्या बाजूचा, परस्परांच्या जागी बसवा. तडतड डावीकडून उजवीकडे गेली तर व्हॉल्व्ह चोर. डावीकडेच राहिली तर व्हॉल्व्हवर आळ घेऊ नका. (ही कसोटी ज्या यंत्रांत प्रत्येक बाजूला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो तिथलीच. काही यंत्रांत एकाच काचेतला एक ट्रायोड डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला राबतो. तिथे ती लागू नाही.)

आठ दिवसांनी त्यांचे उत्तर आले. कळ शून्यावर आणताच आवाज थांबला. रेडिओवर शांत. व्हॉल्व्ह अदलाबदल केले, तरी तडतड डावीकडेच! दुकानदाराच्या सल्ल्याने चार जर्मन व्हॉल्व्ह घातले असते तर दोन महिन्यांचे पेन्शन देऊन ती तडतड जशीच्या तशी ऐकायला मिळाली असती. मग त्यांनी ओळखीच्या एका वृद्ध रेडिओ-कारागिराला घरी बोलावले. प्लेटला दाब पुरवणारा एक जुना कार्बनचा रेझिस्टर वयोमानाने कुरकुरत होता. हे त्या जातीच्या रेझिस्टरांचे नेहमीचेच दुखणे. तो बदलला. रेझिस्टरची किंमत काही रुपये. कारागिराने मजुरी घेतली ती वेगळी, आणि आईंनी केलेले पोहे घेतले ते आणखी वेगळे.

असा निकाल नेहमीच लागतो असे नव्हे. व्हॉल्व्ह खरोखरच बिघडतात. काहींत सळसळ वाढते. काही 'मायक्रोफोनिक' होतात. म्हणजे काय, तर आतली ग्रिडची बारीक तार आणि कॅथोड यांत मिलिमीटरच्या अंशाएवढे अंतर असते, ती तार सैल झाली की जवळून कोणी चालले तरी व्हॉल्व्ह घणघणतो. शिसपेन्सिलीच्या मागच्या रबराने काचेवर हलकेच टिचकी मारावी. साधा 'टक' आला तर तो चालायचाच. घंटा वाजल्यासारखा आवाज लांबत राहिला तर तो व्हॉल्व्ह तबकडीच्या टप्प्यातून उठवावा. पण केरात टाकू नये! पॅस-थ्रीत चारही ईसीसी ८३ च आहेत. तो पुढच्या टप्प्यात बसवा आणि तिथला शांत व्हॉल्व्ह मागे आणा. पुढे त्याची घणघण कोणाला ऐकूही येणार नाही. सुई उचलून ठेवून कळ नेहमीपेक्षा थोडी जास्त चढवावी, स्पीकरजवळ कान न्यावा, आणि चारांपैकी सर्वांत शांत दोन कोणते ते शोधून त्यांना पहिल्या जागा द्याव्या. निम्म्या तक्रारी या घरातल्या घरात केलेल्या बदल्यांनीच मिटतात, असा आमचा अनुभव आहे.

व्हॉल्व्ह नुसता काढून पुन्हा घातला तरी आवाज सुधारतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कारण सरळ आहे. वर्षानुवर्षे पिनांवर आणि सॉकेटच्या जिभांवर मळ-गंज चढलेला असतो. काढण्या-घालण्यात तो घासला जातो. नेमका त्याच वेळी नवा महागडा व्हॉल्व्ह घातलेला असेल तर श्रेय अर्थातच त्याला मिळते. घासण्याचे काम कोणाचे आणि बक्षीस कोणाला! म्हणून नवा व्हॉल्व्ह आणण्यापूर्वी जुनाच दोन-तीनदा काढून घालावा. काढताना वर्तुळात किंचित डोलवत सरळ वर ओढावा, घालताना पहिल्या व नवव्या पिनांमधली मोठी फट पाहूनच बसवावा, आणि जोर करू नये. वाकडी पीन बुडाची काच तडकवते.

यानंतर उरतो तो हौसेचा प्रश्न. सर्व व्हॉल्व्ह धडधाकट आहेत, दोष काही नाही, पण अमक्या कंपनीचा घातला तर गाणे अधिक गोड लागेल का? शौकिनांच्या बैठकीत यावर जे बोलले जाते ते ऐकून एखाद्याला वाटावे की इथे व्हॉल्व्हची नव्हे, हापूसची चर्चा चालली आहे. एक म्हणतो मुलार्ड 'उबदार', दुसरा म्हणतो टेलिफुंकेन 'पारदर्शक'. आम्ही याला सरसकट भ्रम म्हणणार नाही. एका नावाच्या दोन व्हॉल्व्हांत सळसळ, गुणक, किंचित विकृती यांचा फरक मोजूनही दिसतो आणि कधी कानालाही कळतो. पण फीडबॅक असलेल्या यंत्रात हे फरक पुष्कळच पुसले जातात, आणि कान ही मोठी लबाड वस्तू आहे. दोन आवाजांपैकी जो केसभर मोठा तो माणसाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. नव्या व्हॉल्व्हचा गुणक थोडा जास्त असला की काम झाले. शिवाय एक काढून, निववून, दुसरा घालून, तापवून ऐकेपर्यंत पाव तास जातो. एवढ्या वेळात आधीचा आवाज नेमका कसा होता हे आठवणे कोणालाही कठीण.

यावर घरगुती तोड आहे. एखादी जुनी मोनो तबकडी घ्यावी. तिच्यात दोन्ही बाजूंना एकच ध्वनी असतो. डाव्या बाजूला एक व्हॉल्व्ह, उजव्या बाजूला दुसरा. दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतपत समतोल आधी साधून घ्यावा. मग बॅलन्सची कळ एकाने इकडून तिकडे फिरवावी आणि ऐकणाऱ्याने यंत्राकडे पाठ करून बसावे. पाव तासाचे काम एका क्षणावर येते. त्यानंतर दोन व्हॉल्व्हांची अदलाबदल करून हाच प्रयोग पुन्हा करायचा. पसंतीही बाजू बदलते का, ते पाहायचे. अदलाबदल केल्यावाचून काढलेला निष्कर्ष कवडीमोलाचा.

ठाण्याच्या भगिनींनी हा खेळ आईंना घेऊन केला. बाबांच्या खोक्यात एक जादा ईसीसी ८३ निघाला होता, बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. आईंना व्हॉल्व्हचे नावगाव काही ठाऊक नव्हते, म्हणूनच त्या उत्तम परीक्षक. त्यांनी ठामपणे सांगितले, उजवीकडचा गाणारा जवळ बसल्यासारखा वाटतो. मुलगी हरखली, कारण उजवीकडे बंगलोरचा होता. मग अदलाबदल केली. आईंनी पुन्हा उजवाच स्पीकर दाखवला! उठून पाहिले तेव्हा ध्यानात आले की डावा स्पीकर खिडकीच्या जाड पडद्यामागे अर्धा लपला होता. पडदा सरकवला आणि दोघीही फरक सांगेनात. आम्हांला हे पत्र फार आवडले. पडदा सरकवण्याचे पैसे पडत नाहीत हे एक. आणि बाबांच्या वेळचे जे व्हॉल्व्ह दुकानदाराने मोडीत काढले होते ते बिनतक्रार गात होते, हे दुसरे.

ज्यांना व्हॉल्व्ह ओळखण्याची पैज लावायची असेल त्यांनी हिशेब मात्र पक्का ठेवावा. दहापैकी सात वेळा बरोबर सांगितले म्हणून छाती फुगवू नये. नाणे उडवून सांगितले तरी साधारण सहा खेळांमागे एका खेळात सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येतात. दहापैकी नऊ आली तर मात्र आम्ही टोपी काढू.

एवढे करूनही विकत घ्यायचाच झाला, तर बाजार समजून घ्या. ज्या कारखान्यांची नावे शौकिनांच्या ओठांवर असतात, इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नचा मुलार्ड, जर्मनीचा टेलिफुंकेन, अमेरिकेचा आर. सी. ए., त्यांचे हे काम केव्हाच बंद पडले. आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला आरंभ केला होता. तेही आता इतिहासजमा झाले. आज ईसीसी ८३ नव्याने बनतो तो मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या देशांत. रशियातल्या सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून निरनिराळ्या नावांचे व्हॉल्व्ह बाहेर पडतात, आणि त्यांत 'मुलार्ड' हेही एक नाव आहे! नाव कायदेशीरपणे विकत घेतलेले आहे, फसवणूक नाही. पण ते वाचून ब्लॅकबर्नचा माल समजू नये. २०२२ च्या मार्चमध्ये युद्धामुळे रशियाबाहेर हा माल जाणे थांबले तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडाली होती. पुढे तो पुन्हा मिळू लागला.

जुना, न वापरलेला माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवारात किंवा परदेशच्या विक्रेत्यांकडे अजून निघतो. आजच्या साध्या व्हॉल्व्हच्या आणि जुन्या टेलिफुंकेनच्या भावात दसपट फरक सहज पडतो, आणि जिथे दसपट भाव तिथे नक्कल आलीच. काचेवरचे छापील नाव ही सर्वांत कमी भरवशाची खूण. ते पुसता येते, पुन्हा छापता येते. शिवाय त्या काळी कारखाने एकमेकांचा माल घेऊन आपली नावे घालून विकत, तोही रिवाजच होता. टेलिफुंकेनने स्वतः घडवलेल्या व्हॉल्व्हच्या बुडाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उमटवलेला हिऱ्याच्या आकाराचा ठसा असतो. फिलिप्स आणि मुलार्डच्या काचेवर तळाशी राखी रंगाची दोन ओळींची बारीक खूण असते. दुसऱ्या ओळीत कारखान्याचे चिन्ह, ब्लॅकबर्नचे 'बी', आणि त्यापुढे वर्षाचा आकडा. काचेच्या टोकाला आतून जो रुपेरी आरसा दिसतो तो बेरियमचा. आत राहिलेली हवा शोषून घेणे हे त्याचे काम. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह फुकट मिळाला तरी घेऊ नये. आरसा लहान-मोठा असण्याला मात्र फारसा अर्थ नाही.

दुकानदाराजवळ दोन्ही ट्रायोडांचे मोजलेले आकडे मागा, एकाचे नव्हे. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण परीक्षायंत्र सळसळ आणि घणघण सांगत नाही, ती तुमच्या घरी तुमच्याच सॉकेटमध्ये कळते. म्हणून आठ दिवसांत परत घेण्याची बोली आधी करून घ्यावी. ती बोली करायला जो कां-कूं करतो त्याच्याकडचा जर्मन व्हॉल्व्ह त्याच्याकडेच राहू द्यावा. आमचे मत विचाराल तर, आजचा साधा पण निवडून घेतलेला शांत व्हॉल्व्ह तबकडीच्या टप्प्यासाठी पुरेसा आहे. आणि घेतलाच तर दोन घ्या, चार नकोत.

जाता जाता नागपूरच्या एका वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर. व्हॉल्व्ह सतत तापलेले बरे म्हणून यंत्र दिवसरात्र चालू ठेवावे का, असे ते विचारतात. ठेवू नये. ई८८सीसी या खास दीर्घायुषी म्हणून विकल्या गेलेल्या व्हॉल्व्हचे आयुष्य दहा हजार तासांचे सांगत. रोज दोन तास ऐकले तर एवढ्या तासांना जवळजवळ चौदा वर्षे लागतात. दिवसरात्र पेटता ठेवला तर चौदा महिन्यांतच ते सरतात, आणि विजेचे बिल वेगळे. पाच-दहा मिनिटे आधी लावून ठेवावे, म्हणजे पुरे.

काढलेले धड व्हॉल्व्ह टाकू मात्र नका. वर्तमानपत्रात गुंडाळून, कोणत्या सॉकेटमधून कोणत्या तारखेला काढला हे चिठ्ठीवर लिहून, डब्यात ठेवा. ठाण्याच्या खोक्यातल्या त्या बंगलोरच्या व्हॉल्व्हवर अशीच एक चिठ्ठी होती, बाबांच्या अक्षरात : "चांगला आहे. पुढच्या टप्प्यासाठी."